बिजलीबाईचं कार्ड

"साडेसात." शीला सिस्टरने नळी उजेडाकडे धरून रक्ताचा रंग पुन्हा जुळवला. "साडेसातच. सातवा महिना, नव्वद लोहाच्या गोळ्या दिलेल्या, आणि रक्त साडेसात! सत्यभामाबाई, तुमच्या गोळ्या जातात कुठे?"

सत्यभामा गाव आणि तांडा मिळून एकुलती एक आशा कार्यकर्ती. तिने अंगणवाडीच्या सतरंजीवर बसलेल्या उर्वशीकडे पाहिलं. पोरगी पांढरीफटक, आणि पोट तेवढं पुढे.

"सिस्टर, मी दर महिन्याले रिकामी पाकिटं मोजतो ना."

पाकिटं खरंच रिकामी असायची. उर्वशीची सासू बिजलीबाई ती जपून ठेवायची, मोजून दाखवायची आणि मग दोरीत ओवून ज्वारीवर टांगायची. चांदी चमकली की पाखरं उडायची. सरकारी योजनेचा इतका पुरेपूर लाभ तालुक्यात दुसऱ्या कोणी घेतला नसेल.

तेवढ्यात बिजलीबाईच दारात आली. डोक्यावर सरपणाचा भारा.

"झालं का वं तपासनं? चाल उर्वशी, अर्धं वावर वेचाचं बाकी हाय."

त्या वर्षी बोंडअळीने कापूस असा खाल्ला होता की वेचायला मजूर कोणीच लावत नव्हतं. घरच्या बायकाच कमरेला ओटी बांधून उतरायच्या. उर्वशीचं पोट कुठलं आणि कापसाची ओटी कुठली, लांबून कळत नसे.

बिजलीबाईने भारा उतरवला. पन्नाशी ओलांडलेली बाई, पण धाप नाही. गालांवर लाली. सत्यभामाला एकदम आठवलं, दिवाळीच्या आधी हीच बाई कानाशी येऊन विचारत होती, "माया शेजारनीले परसाकडे कायं कायं होऊन राह्यलं, कायनं होत अशीन?" लोहाच्या गोळीनेच तसं काळं होतं.

"बिजलीबाई," सत्यभामा म्हणाली, "बोट द्या बरं."

"मले कायले? मी का पोटुशी हावो?"

"द्या तं खरं."

सिस्टरने टोचलं, ओढलं, जुळवलं. चष्मा पुसून परत जुळवलं.

"तेरा."

मागे चुलीवर खिचडीचं झाकण वाजलं.

"नव्वदच्या नव्वद?" सत्यभामाने विचारलं.

"दोन कोंबडीनं खाल्ल्या," बिजलीबाई म्हणाली. "खोटं कायले बोलू? सरकारनं देल्ली, फेकाची का मंग? गोयीनं लेकरू मोठं होते. मोठं झालं का अडते. म्हनून हिले नाई देल्ली. मी खाल्ली. गुडघे पाह्य ना, कसे चालून राह्यले!"

"मले नुसता वास भेटे, ताई," उर्वशी हळूच म्हणाली.

"आणि जेवण?" सिस्टरने विचारलं.

"अर्धी भाकर देतो ना. पोट मोकयं पाह्यजे लेकराले."

"अहो, लेकरू भाकरीच्या शेजारी बसत नाही! त्याची पिशवी वेगळी असते. आईच्या अंगात रक्त नसेल तर बाळंतपणात बाई हातची जाते, समजलं?"

बिजलीबाईची लाली थोडी उतरली. पण बाई सौद्याला पक्की. "हिले खाऊ देतो. मंग मायं काय? मले गोयी पाह्यजे. अन् कार्डबी पाह्यजे. खाल्ली मी, अन् कार्ड हिचं?"

शेवटी तह झाला. उर्वशीला लाल गोळी आणि पूर्ण भाकर, बिजलीबाईला गुडघ्यांसाठी चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची पांढरी. ("हे कमजोर दिसते," असा शेरा तिने मारलाच.) वेचणी उर्वशीला बंद. आणि लिहिताना शाई सांडून बाद झालेलं एक गर्भवतीचं कार्ड सत्यभामाने बिजलीबाईच्या नावाने भरायला घेतलं.

"नाव, बिजलीबाई डोंगरसिंग. आतापर्यंत बायंतपनं किती?"

"सात."

"जित्ते किती?"

"तीन." मग भारा उचलता उचलता म्हणाली, "हे कोनी इचारलं नवतं कधी."

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या वेळेला सत्यभामा तांड्यावर हजर. हिरासिंग, म्हणजे उर्वशीचा नवरा, दारात बसून मजा पाहायचा. सासू-सून शेजारी शेजारी, आपापली गोळी, तिच्यावर लिंबू, आणि गिळून झालं की दोघींनी जीभ बाहेर काढायची.

"माया जिभीवर भरोसा नाई का?" बिजलीबाई भडकायची.

"तुमच्या जिभीवरच नाई," सत्यभामा म्हणायची.

नवव्या महिन्यात रक्त दहाच्या वर गेलं. दवाखान्यात न्यायला जीपवाल्या बाबुलालचा फोन नंबर भिंतीवर कोळशाने लिहून झाला. धुतलेल्या लुगड्याचे तुकडे पिशवीत बांधले गेले. बिजलीबाईच्या मते हा सगळा तमाशा होता. "आमी तं वावरात, कापसाच्या पऱ्हाटीतच बायंत झालो," ती येता-जाता ऐकवायची. पण पिशवी खुंटीवर आहे ना, हे दिवसातून चारदा हात लावून बघायची.

कळा सकाळी सुरू झाल्या. राळेगावच्या दवाखान्यात दुपारी दोन वाजता उर्वशी मोकळी झाली. मुलगी. सत्यभामा बाहेर आली तेव्हा बिजलीबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून उकिडवी बसली होती. 

"पोरगी झाली. पावणेतीन किलो. दोघीबी बऱ्या."

"पावनेतीन म्हंजे लय मोठी?"

"चांगली भरली."

"अडली नाई?"

"नाई अडली, बाई."

बिजलीबाईने मान हलवली. मग काचोळीतून घडी घातलेलं, शाई सांडलेलं कार्ड काढलं. "याच्यात एक लिह्याचं राह्यलं. वजनाचं. माया पह्यल्याचं."

"तुमच्या पह्यल्याचं?"

"तो अडला होता. दोन दिवस. जित्ता नाई आला. म्हनून तं हिले गोयी नाई देल्ली मी."

"कोनी मोजलं होतं का वजन?"

"कोन मोजते पऱ्हाटीत?" तिने दोन्ही हात पुढे केले, आणि मधे एका लेकराएवढी जागा ठेवली. "एवढा होता."

सत्यभामाने पेन उघडलं. त्या रकान्यात आकडा लिहायचा असतो. तिने लिहिलं, 'चांगला भरलेला,' आणि कार्ड परत द्यायला हात पुढे केला.

बिजलीबाईचे हात अजून तसेच धरलेले होते.