गुलाबी गोळीवरची बारीक अक्षरं

टेलरबाईंच्या दुकानात दोन मशिनं, एक कापायचं टेबल आणि एक उभा आरसा. पँट कमरेला होत नाही म्हणून कुणी कुरकुर करत आलं, की बाई त्याला त्या आरशासमोर उभं करत आणि म्हणत, "कपडा आटला नाहीये, तुम्ही सुटलायत." गिऱ्हाईक खाली मान घालून माप देई. बाईंशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून त्या रस्त्याने पाहिला नव्हता.

सहा आठवड्यांची मोठी सुट्टी लागली तशी सहा वर्षांची नात दिवसभर दुकानात राहू लागली. मुलगा नोकरीपायी परगावी, सून मोबाईलच्या दुकानात काउंटरवर. पोरीचा चेहरा वाटोळा आणि डोळे टपोरे, म्हणून आजीने नाव ठेवलं बटण, आणि मग सगळ्या रस्त्याने तेच उचललं.

सुट्टीत त्या रस्त्याला गोळ्या-चॉकलेटांचा नुसता ऊत येई. सलूनवाला, चष्मेवाला, बँकेतली काउंटरवरची बाई, ज्याच्या त्याच्या समोर वाटी भरलेली. लहान मूल दिसलं की घाल मूठभर हातात. आणि बटणला तर जन्मापासून पथ्य. डॉक्टर म्हणाले होते, तिच्या रक्तात फेनिल-काहीतरी साठतं, आणि ते साठलं की मेंदूवर जातं. दूध बंद, डाळ बंद, अंडी, मटण, शेंगदाणे सगळं बंद. भात आणि बटाटासुद्धा काट्यावर तोलून. बाई त्याला म्हणत "फिनाईलचं दुखणं". सुनेने पाच-सात वेळा शब्द सुधारून दिला, मग नाद सोडला.

पथ्य म्हणजे काय हे बाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. नवरा साखरेने गेला. आधी पायाचं बोट गेलं, मग पाऊल, मग माणूस. अकरा वर्षं त्यांनी त्याच्या ताटावर डोळ्यांत तेल घालून पहारा दिला होता. बाईंच्या लेखी पथ्य एकच, आणि शत्रूही एकच.

म्हणून सुट्टीच्या पहिल्याच दिवशी सुनेने रंगीत गोळ्यांची पिशवी आणून दिली, तेव्हा बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आई, या साध्या साखरेच्या गोळ्या आहेत. या तिला चालतात. बाहेरचं कुणी काही दिलं तर ते काढून घ्या आणि यातली एक द्या, म्हणजे तिला वाईट नाही वाटणार. बाकी काय चालतं, काय नाही, त्याची यादी भिंतीला लावलीय. वाचाल ना?"

"न वाचायला काय झालं? आंधळी आहे का मी?"

बाई दुसरीतून शाळा सोडलेल्या. आकडे त्यांच्यासमोर पाणी भरत, टेपवरचा अर्धा सेंटिमीटर त्या लांबून ओळखत. पण अक्षर मोठं ठळक असेल तरच जोडून जोडून लागे. ही गोष्ट नवऱ्याला ठाऊक होती. तो ती घेऊन गेला.

सून गेल्यावर बाईंनी पिशवी अस्तराच्या ताग्यांमागे वर टाकून दिली. पोटच्या पोरीला साखर चारतेय! आणि तरातरा समोरच्या औषधाच्या दुकानात गेल्या.

"पथ्याच्या गोळ्या आहेत का रे? पोरांना आवडतील अशा."

"आहेत की, मावशी! साखरेचा कण नाही. माझी आई दिवसभर तोंडात धरून असते."

पाकिटावर ठळक अक्षरं होती. बाईंनी बोट ठेवून लावली: शु-ग-र फ्री. बरोबर. पथ्य म्हणजे साखर बंद, उगाच नाही म्हणत त्या.

मग खेळ सुरू झाला. बटणने रस्त्यावरून जे गोळा करून आणायचं ते कापायच्या टेबलावर ओतायचं, आणि आजीने त्याच्या बदल्यात गुलाबी गोळ्या मोजून द्यायच्या. पोरगी खूश. ओतलेलं सगळं गिऱ्हाइकांच्या पोरांना.

"आजी, यावर काय लिहिलंय?" एकदा तिने पाकीट पालथं करून विचारलं. मागे मुंग्यांसारखी अक्षरं.

"हे? हे लिहिलंय, फक्त बटणसाठी."

"खरंच? माझं नाव कुठेय?"

"हे काय, खाली. बारीक." बाईंनी कुठेतरी नख टेकवलं. "आईला नको सांगूस हं. तिला वाटेल, आजी लाडावते."

दर सोमवारी सून बटणच्या बोटाला टोचून कार्डावर रक्ताचे थेंब घेई आणि टपालाने हॉस्पिटलला धाडी. तिसऱ्या सोमवारनंतर फोन आला. आकडा चढला होता. सुनेने बटाटा निम्मा केला. पुढच्या आठवड्यात आकडा आणखी वर. तिने भातही कमी केला. पोरगी भुकेने चिडचिडी झाली, गुंड्यांचे रंग वेगळे करता करता मध्येच हरवू लागली, एकदा डबाच भिरकावला.

"तिला उपाशी मारणार आहेस का?" बाई कडाडल्या. "सोनारासारखी काटा घेऊन बसतेस, तरी तुझं गणित चुकतंच कसं?"

डॉक्टरही सुनेला तेच विचारत होते.

पाचव्या आठवड्यात ती भर दुपारी दुकानात आली. कामावरच्या ओळखपत्राचा पट्टा अजून गळ्यात होता. स्टुलावर बसली आणि ओढणी तोंडावर दाबून रडू लागली.

"तिला अॅडमिट करा म्हणतायत, आई. म्हणतात, घरी नीट पाळलं जात नाहीये. मी सगळं तोलते हो. चिमूटसुद्धा तोलते. माझं कुठे चुकतंय तेच कळत नाही."

तेवढ्यात बटण मशिनखालून बाहेर आली, पाकिटातून एक गोळी काढली आणि आईच्या ओठांना लावली.

"रडू नको ना. ही घे. माझ्या नावाच्या आहेत, पण तुला एक देते."

सुनेने पाकीट हातात घेतलं, उलटं केलं, आणि तिचं रडणं थांबलं.

"या कुठून आल्या?"

"आजी देते. रोज. आजीने मला वाचून दाखवलं, त्यावर लिहिलंय फक्त बटणसाठी."

"साखर नाहीये त्यात," बाई म्हणाल्या. आवाज चढा होता, पण त्यातला दम गेला होता.

"साखर तिला चालते, आई. साखर घालायची नाही म्हणून यात जे घालतात ना, त्याच्यातच ते फेनिल असतं. इथे लिहिलंय." सुनेने बारीक अक्षरांखाली बोट धरलं. "बघा ना."

बाईंनी चष्मा नाकावर सरकवला. पाकीट खिडकीकडे नेलं. ओठ हलवत बराच वेळ उभ्या राहिल्या. फे. नि. ल. पुढचं लागेना. लागायची गरजही नव्हती.

"हे... हे हिच्यासारख्यांसाठीच लिहिलंय?"

"हो. की यांना देऊ नका."

रस्त्यावरून पोरांचा घोळका ओरडत गेला. बाईंच्या डोळ्यांपुढे टेबलावर ओतलेल्या साध्या, साखरेच्या, लाल-हिरव्या गोळ्या आल्या. पाच आठवडे बटणच्या मुठीतून सोडवून त्यांनी त्या दुसऱ्यांच्या पोरांना वाटल्या होत्या.

"आजी," बटण म्हणाली, "मग माझं नाव नव्हतं त्यावर?"

"नव्हतं गं."

"मग तू खोटं वाचलंस?"

"मला वाचता येत नाही, बटण."

सुनेने मान वर केली. लग्नाला आठ वर्षं झाली होती. भिंतीवरची यादी तिने किती सुबक अक्षरांत लिहिली होती! ती काहीतरी म्हणायला गेली, पण बाईंनी हात वर केला.

"अॅडमिट करू नका म्हणावं डॉक्टरला. सांग, म्हातारीने केलं. तुझा काटा बरोबर होता. आणि हिला घेऊन जा. उद्या आणू नकोस."

"आई, तसं नाही..."

"घेऊन जा म्हणते ना!"

सून उठली. बटणच्या पायात चपला सरकवल्या. बाहेर ऊन रणरणत होतं. बाईंना राहवेना. त्यांनी माठातलं पाणी पेल्यात ओतलं आणि पोरीपुढे धरलं.

"एवढं पिऊन जा, बाळा."

बटणने पेल्याकडे पाहिलं. पण हात पुढे केला नाही. आधी आईकडे वळली.

"आई, आजीकडचं पाणी चालतं का मला?"

"चालतं गं," सून घाईने म्हणाली. "पाणी चालतं. पी."

पण तोवर बाईंनी पेला मशिनवर ठेवून दिला होता.