लाल ग्रीस, करडं ग्रीस

जावई गॅरेजच्या दारातून आत आला तो धड चालतही नव्हता, कोसळत येत होता. अर्धा चेहरा रस्त्याने सोलून काढलेला, शर्टाची बाही लोंबतेय. त्याच्यामागे आक्काची लेक चिमणी, एका पायाने लंगडत, तोंड हाताने गच्च दाबून. बोटांच्या फटींतून रक्त गळत होतं. आक्का चाकाचे स्पोक आवळत बसली होती. काय झालं म्हणून ती विचारणार, तेवढ्यात जावयाने टायर काढायचा लोखंडी दांडा उचलला आणि आक्काच्या मुलाच्या पाठीत घातला.

मुलगा इंजिनावर ओणवा होता, तो तोंडावर पडला. पण पडून राहणाऱ्यांतला तो नव्हे. मान रेड्यासारखी, डोकंही तसंच, म्हणून सगळे त्याला टोणगा म्हणत. ते नाव आईनेच ठेवलेलं. पडल्या पडल्या त्याने जावयाचा घोटा धरून हिसडला. दोघे खाली, सांडलेल्या ऑइलमध्ये. नटबोल्टांचा डबा उलटला, त्यावर दोघे लोळले. टोणग्याने जावयाच्या सोललेल्या गालावरच मूठ ठेवून दिली, जावयाने त्याचा कान दातांत धरला.

"माझ्या ब्रेकला ग्रीस फासलंस! जीव घ्यायला निघाला होतास माझा!"

"फासायचंच असतं तर तुझ्या थोबाडाला फासलं असतं!"

आक्का उठली. पार्ट धुवायचा रॉकेलचा ट्रे तिने उचलला आणि दोघांच्या अंगावर रिकामा केला. मग खिशातून लायटर काढून हातात धरला.

"लावू का? म्हणजे दोघांचाही विषय संपेल."

दोघे सुटले. टोणग्याच्या कानातून रक्त वाहत होतं. जावई परत दांडा घेऊन उभा राहिला.

"आक्का, बाजूला व्हा. आज हा तरी राहील, नाहीतर मी."

"जावईबापू, माझ्या गॅरेजात चाक उघडून बघितल्याशिवाय कुणी कुणाला मारत नाही. आधी गाडी आत घ्या."

या भांडणाचं मूळ ग्रीसमध्ये होतं. जावई गॅरेजात कामाला लागल्यापासून करड्या ग्रीसचा डबा घेऊन फिरायचा. मातीच्या जातीचं ते ग्रीस, ब्रेक कितीही तापू दे, वितळायचं नाव नाही. टोणग्याचा जीव लाल ग्रीसवर. ते चिकट, पाण्याला दाद न देणारं. आक्काला विचाराल तर दोघांचंही खरं होतं. हँडलखालचं बेअरिंग फिरतं थोडं आणि मार खातं फार, तिथे लालच हवं. चाकाचं बेअरिंग तापलेल्या ब्रेकच्या शेजारी राहतं, तिथे करडं चाललं असतं. पण या दोन ग्रीसांचं एकमेकांशी सात जन्मांचं वैर. एकाच बेअरिंगमध्ये दोन्ही घातली की त्यांचं ताक होतं. ग्रीस बदलायचं तर आधीचं रॉकेलने धुऊन बेअरिंग लखलखीत करायचं, मगच दुसऱ्याला हात लावायचा. हे ती दोघांना बजावून थकली होती. पण कोणतं भरायचं ते मात्र तिने ठरवून दिलं नाही. जावयाला तोडता येईना, मुलाला त्याच्यापुढे खाली पाडवेना. "तुमचं तुम्ही बघा," म्हणाली आणि जिभेला गाठ मारून बसली. एरवी ती जीभ कुणाच्या बापाला भीत नव्हती.

पुढचं चाक काढलं. ब्रेकची प्लेट बाजूला करताच आतून पातळ, विटक्या रंगाचं पाणी आक्काच्या मांडीवर सांडलं. ना लाल, ना करडं. चाकाला घासून गाडी थांबवणारे ब्रेकचे लायनर त्यात न्हाऊन निघाले होते. तिने ते दोन बोटांत चोळलं. नुसतं पाणी, हाताला काही लागतच नव्हतं.

"कुणी भरलं?"

"मी भरलं होतं," जावई म्हणाला. "करडं. हा नव्हता तेव्हा."

"त्यावर मी लाल भरलं," टोणगा म्हणाला. "तो नव्हता तेव्हा."

"धुतलं होतंस?"

टोणग्याने नकारार्थी मान हलवली.

"दोन गाढवं!" आक्काच्या छातीवरचा दगड उतरला. तिला हसूच फुटलं. "एकाने करडं कोंबलं, दुसऱ्याने त्यावर लाल लिंपलं. झालं ताक, गेलं ब्रेकवर. मारायचंच तर एकमेकांना मारू नका, आरशासमोर उभे राहून स्वतःच्या थोबाडीत मारा."

जावयाच्या हातातला दांडा खाली आला. चिमणी भिंतीला टेकून बसली आणि बादलीत रक्त थुंकली. त्या रक्तात एक दात होता.

आक्काचं बोट सवयीने पुढे सरकलं, बेअरिंगच्या तोंडाशी. तिथे रबराची कडी असते, सील. ग्रीस किती का पातळ होईना, ती कडी त्याला ब्रेककडे जाऊ देत नाही.

कडी नव्हती. बसायच्या जागी स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे होते, ताजे, चमकणारे.

तिने मान वर केली. टोणगा चाकाकडे बघत नव्हता. तिच्याकडे बघत होता. बाकी कुणाच्या काही ध्यानात आलं नव्हतं. चाक पालथं घालायचं, चहा टाकायचा, एवढंच राहिलं होतं.

"जाऊ दे गं आई," चिमणी फुटक्या ओठांनी बोलली. "मुद्दाम का करेल तो? भाऊ आहे माझा."

आक्का चाक सोडून उठली.

"जावईबापू, तो दांडा द्या इकडे."

मिटलं असं समजून त्याने दिला.

"टोणग्या, सील कुठंय?"

"आई..."

"सील कुठंय विचारलं."

"काढलं," तो म्हणाला. "नुसता आपटावा म्हणून. गॅरेज गिळायला बसलाय तो, दिसत नाही तुला? ही मागे बसेल हे मला काय माहीत?"

"हात ठेव टेबलावर."

आई मारणार नाही अशी त्याला खात्री असावी. त्याने उजवा पंजा टेबलावर आपटला. "घाल! जावयासाठी घाल!"

तिने घातला. हाडं सुकी काटकी मोडावी तशी वाजली. तो गुडघ्यांवर आला, पण तिने मनगट सोडलं नाही, दुसरा घातला. करंगळी भलतीकडेच वळली. तो गुरासारखा ओरडत होता. तिसरा उचलला तेव्हा जावई मध्ये पडला. टोणग्याला मारायला आलेला तो माणूस त्याच्यावर आडवा झाला आणि दांडा दोन्ही हातांनी पकडून बसला.

"आक्का, बस! मरेल तो!"

"आई आहेस का कोण आहेस तू?" चिमणी किंचाळली.

"दोघांची आहे," आक्का म्हणाली.

तिने दांडा हिसडला. जावई सोडेना. तिने आणखी एकदा हिसडून पाहिला, मग तो त्याच्याच हातात सोडला.