जोड न धरणारी भट्टी

मित्रांनो, मी कोल्हापूरच्या एका कारखान्यातली जुनी निर्वात भट्टी आहे, आणि लोकांचं ऐकून ऐकून वैतागले आहे. निर्वात म्हणजे माझ्या पोटातली हवा पंपाने काढून टाकतात. मॉलिब्डेनम नावाच्या धातूचे पातळ पत्रे माझ्यात जोडतात. हा धातू सहजासहजी वितळत नाही, आणि तापलेला असताना हवा लागली की खराब होतो. म्हणून दोन पत्र्यांमध्ये दुसऱ्या धातूची पट्टी ठेवतात. मी तापले की फक्त ती पट्टी वितळते, फटीत पसरते आणि दोन्ही पत्रे धरून ठेवते. या कामाला ब्रेझिंग म्हणतात. अट एकच, पत्रे अगदी स्वच्छ असले पाहिजेत.

वीस वर्षं मी चोख काम केलं. पाहुणे आले की मालक विजयसिंह आधी मला दाखवायचे. यंदा मात्र लागोपाठ दोन जोड सुटले आणि सगळ्यांनी खापर माझ्यावर फोडलं.

"म्हातारी झाली ही. तिसरा सुटला की भंगारात घालू," मालक म्हणाले.

मला सगळं दिसत होतं, पण सांगणार कोणाला? मला चालवते ती क्रांती. ती पत्रे आम्लात धुवायची, हातमोजे घालून मांडायची आणि पंप तपासायला जायची. तेवढ्यात केरबाकाका यायचे. उभा जन्म लोखंडाच्या ओतकामात घालवून ते यंदाच इकडे आलेले. नवी वस्तू भट्टीत जाण्याआधी तिला हळदकुंकू लावायचं, ही त्यांची रीत. धुतलेल्या पत्र्यांनाही लावायचे, हात जोडायचे आणि खिशातल्या फडक्याने पुसून टाकायचे. मला कपाळ असतं तर बडवून घेतलं असतं.

तिसऱ्या वेळी क्रांती मध्येच परतली.

"काका, ह्ये काय करतायसा?"

"पुसतो की. तीस वर्षं लावतोय, लोखंडाला कधी काय झालं न्हाय."

"ह्ये लोखंड न्हाय, काका. बोटाचं तेल राहिलं तरी पट्टी पसरत न्हाय."

काकांनी फडकं खिशात कोंबलं. क्रांतीने पत्रे पुन्हा धुतले.

दुसऱ्या दिवशी माझं दार उघडलं. जोड पक्का होता. मालक खूश होऊन म्हणाले, "काकांच्या पूजेचा गुण." हे ऐकून माझा संताप संताप झाला. पण केरबाकाका पुढे आले.

"न्हाय मालक. आधीचं दोन जोड माझ्याच हातानं गेल्यात. भट्टीचा काय दोष न्हाय."

माझी बाजू घेऊन कोणी बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि मला फार बरं वाटलं. मित्रांनो, यंत्राला जरूर नमस्कार करा, पण आधी हात धुवा. आणि काम बिघडलं तर आम्हाला भंगारात काढण्याआधी एकदा स्वतःची बोटं बघा.