खांद्यावरची सायकल

सेहेचाळिसाव्या वर्षी पद्मिनी गावंडेनं सायकल घेतली, तेव्हा तेलीबांध्याच्या त्यांच्या इमारतीत दोन दिवस दुसरा विषयच नव्हता. सायकल साधी नाही, जाड टायरची, गिअरवाली, डोंगरात चालवायची. आणि रायपुरात डोंगर शोधायचा म्हणजे दुर्बीण हवी. नवरा प्रताप म्हणाला, "आधी गुडघे दाखव डॉक्टरले." पण बाई ऐकणारी नव्हती. नव्या रायपुरात मंत्रालयात ती सेक्शन अधिकारी. वीस वर्षं दुसऱ्यांच्या फायली पुढे सरकवल्या होत्या. आता तिला स्वतः कुठवर जाता येतं ते पाहायचं होतं.

शहरातला सायकल क्लब दर डिसेंबरात नहरीकाठची फेरी काढतो. नहर म्हणजे आपला कालवा. सकाळी साडेसहाला नव्या रायपुरातल्या तलावापासून निघायचं, नहरीच्या काठचा कच्चा रस्ता धरायचा, मग भाठ्याच्या, म्हणजे लाल मुरमाड माळाच्या चढउतारांवरून साडेअकराच्या आत परत तलावावर यायचं. एकूण साठ किलोमीटर. दमलेल्यांना उचलायला मागून एक जीप येते. गेल्या वर्षी त्या जीपनं पद्मिनीला उचललं, तेव्हा अवघे चार किलोमीटर उरले होते. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात ते हेच. घरी येऊन ती ढसाढसा रडली होती.

या वर्षी तिला साठच्या साठ हवे होते, आपल्या पायांनी आणि वेळेत. पहिला नंबर ज्याला हवा त्यानं घ्यावा.

वर्षभर तिनं पहाटे उठून घाम गाळला होता आणि त्याचं चीज होताना दिसत होतं. धुक्यात नहरीचं पाणी वाफाळत होतं, दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाची खुंटं होती, आणि पद्मिनीचे पाय लयीत फिरत होते. पंचविसावा किलोमीटर गेला, तिसावा गेला, चाळिसावाही गेला. गुडघ्यांनी चकार शब्द काढला नाही. ती चक्क गुणगुणायला लागली.

त्रेचाळिसाव्या किलोमीटरला गाणं थांबलं. समोर वीसेक सायकली आडव्या पडल्या होत्या आणि त्यांच्यापुढे रस्ताच नव्हता. रस्त्याच्या जागी धान होतं. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, चांगला अर्धा किलोमीटर, पिवळंधमक धान वाळत घातलेलं.

क्लबचा विशाल दर वर्षी रस्ता स्वतः पाहून ठरवायचा. यंदाचा नवा रस्ता त्यानं ऑक्टोबरातच पाहिला. तेव्हा धान शेतात उभं होतं आणि नहरीचा रस्ता रिकामा. आता कापणी झाली होती, धान खरेदी करणारी सोसायटी ओलं धान घेत नाही, आणि सपाट, कोरडी, उन्हाची जागा गावात दुसरी कुठे असणार? हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं; पण विशालकडे उपग्रहाचा नकाशा होता. पुढचे पंधरा-वीस जण सकाळी धान पसरायच्या आधीच निसटले होते. बाकीचे इथे अडकले.

"साइड से निकल जाते हैं," कोणी म्हणालं. साइड नव्हतीच. एकीकडे नहर, दुसरीकडे चिखलाची शेतं. एका पोरानं चाक धानावर घातलं मात्र, गावातली म्हातारी कमलाबाई काठी घेऊन अशी धावून आली की पोरगा सायकल टाकून मागे पळाला.

एवढ्यात मागून जीप आली. विशाल उतरला, पाहिलं आणि कपाळावर हात मारला. तो मूळचा अमरावतीकडचा, मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच. "सॉरी भाई लोग, गलती मेरी है. राइड यहीं खतम. सायकल हायवे से निकालो. सबको मेडल मिलेगा, पूरे साठ का."

पोरं खूश झाली. पद्मिनी मात्र सायकल धरून जागीच उभी राहिली.

"दीदी, बैठिए जीप में," विशाल म्हणाला. "आपका भी मेडल पक्का."

"काहून बसू?" पद्मिनी म्हणाली. "मी दमली का? त्रेचाळीस झाले, मेडल साठचं घेऊ? दुधाची तहान ताकावर भागवायले सांगून राहिला का मले?"

"पर रास्ता ही नहीं है, दीदी."

रस्ता होता. फक्त तो कसा चालायचा हे त्या घोळक्यात तिला एकटीलाच ठाऊक होतं. पद्मिनीचं माहेर गोंदियाकडचं, धानाच्या मुलखातलं. लहानपणी शाळेतून आलं की अंगणातल्या धानातून पाय ओढत फिरायचं, म्हणजे खालचं ओलं वर येतं, हे काम पोरींकडेच असायचं. तिनं बूट काढले, मोजे काढले, दोन्ही हँडलला बांधले आणि कमलाबाईसमोर जाऊन उभी राहिली. इकडे आईला दाई म्हणतात, तिनं तीच हाक मारली.

"दाई, सायकल खांद्यावर घेतो. चाक टेकवत नाही. धान पायानं उलटवत जातो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. जाऊ?"

म्हातारीनं तिचे अनवाणी पाय पाहिले. मग काठी खाली केली. "हव, जा नोनी," ती म्हणाली. "फेर बने असन उलटाबे." म्हणजे, जा पोरी, पण नीट उलटव.

चौदा किलोची सायकल खांद्यावर चढवून पद्मिनी धानात उतरली. पाय उचलायचा नाही, ओढायचा. वरचं धान ऊन होतं, खालचं थंडगार. दर पावलामागे एक चर उमटत होता आणि ओलं धान वर येत होतं. शंभर पावलांत खांदा पेटला. दोनशे पावलांत मान आखडली. मागून जीपचा हॉर्न वाजला, तिनं वळून पाहिलं नाही. अर्ध्यावर गेल्यावर मागून खसखस आवाज आला, तेव्हा मात्र पाहिलं. अनुश्री, बँकेतली चोवीस वर्षांची पोरगी, लाखभराची सायकल खांद्यावर घेऊन, अनवाणी, पाय ओढत येत होती. तिच्यामागे आणखी आठ जण.

"आंटी, ऐसे ही ना?" अनुश्रीनं विचारलं.

"पाय उचलू नको पोट्टे! घासत ये, घासत!"

पलीकडच्या टोकाला सगळे पोचले तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. मागे धानात दहा चर पडले होते, आणि सकाळपासूनचं अर्धं काम फुकटात झालं म्हणून कमलाबाई कमरेवर हात ठेवून हसत होती.

सतरा किलोमीटर बाकी, सत्तर मिनिटं हातात. पद्मिनीनं बूट चढवले ते तळव्यांना चिकटलेल्या तुसांसकट. भाठा सुरू झाला. एक चढ संपतो न संपतो तोच दुसरा. तुसं टोचत होती, उन्हं तापली होती, मांड्यांचे लाकडाचे ओंडके झाले होते. छप्पन्नाव्या किलोमीटरच्या चढावर तिनं दात ओठ खाल्ले, स्वतःच्या गुडघ्यांना माहेरच्या दोन-चार शिव्या दिल्या आणि माथा गाठला. पुढे सगळा उतार होता. खालून तलाव चमकला आणि तिला एकटीलाच मोठ्यांदा हसू फुटलं.

तलावावर विशाल हायवेनं आधीच पोचला होता आणि शेवटच्या रेषेवरचा फलक गुंडाळायला सांगत होता. वेळ टिपायला बसलेले बाबाराव रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. ते जागचे हलले नाहीत. "साडेअकरा वाजले का? नाही ना? मंग फलक राहू दे."

अकरा सव्वीसला पद्मिनी गावंडेनं रेषा ओलांडली. बाबारावांनी उभं राहून वहीत नाव लिहिलं. ती सायकलवरून उतरली, पण बसली नाही. मागे वळली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहून ओरडायला लागली. "या रे! चार मिनिटं आहेत! चल अनुश्री, चल पोट्टे, चल!" तलावावर फिरायला आलेले लोकही ओरडू लागले. एकेक करत नऊच्या नऊ आत आले. शेवटच्याचं मागचं चाक रेषेवरून सरकलं आणि बाबारावांची शिट्टी वाजली.

मग ती जमिनीवर बसली आणि घरी फोन लावला.

"झाले," ती म्हणाली. "साठच्या साठ."

पलीकडून प्रताप कसाबसा म्हणाला, "बरं, आता रडू नको तू."

रडत तोच होता.