घरी सगळं छान

आमच्या घरातली तोफ म्हणजे माझी ताई. तिचा नवरा, म्हणजे माझे भावोजी, इतके मवाळ की त्यांच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक फ्रेम मोडून आणायचं आणि माफी हेच मागायचे. "भावोजी, तुम्हाला राग म्हणून येतो की नाही?" असं मी चिडवलं की म्हणायचे, "माझ्या वाटणीचाही तुझ्या बहिणीने घेतलाय."

मग त्यांच्या मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पण सगळी गाठ काढता आली नाही. आता उरलं होतं ते सांभाळणं: सूज उतरायची गोळी, झटके येऊ नयेत म्हणून दुसरी गोळी, उश्या, उलटीचं भांडं. मदतीला म्हणून मी राहायला गेले आणि पाहते तर काय, तोफ गप्प आणि भावोजी भडकलेले. चहा कोमट झाला, शिवी. पडदा उघडा राहिला, शिवी. एकदा ताई त्यांचं तोंड पुसत होती तर तिचा हात झटकून म्हणाले, "तुझ्याशी लग्न केलं आणि आयुष्याची माती झाली." ताई तो ओला रुमाल घेऊन बाथरूममध्ये गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

"इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं बघ," ती मला नंतर म्हणाली. "आता आजारपणात बाहेर पडतंय."

"डॉक्टरांच्या कानावर घाल."

"काय घालू? नवरा मला शिव्या देतो म्हणून? चारचौघांत त्यांचं नाव आहे गं. तेवढं तरी राहू दे."

तपासणीला गेलं की डॉक्टर विचारायचे, "चिडचिड वगैरे करतात का?" ताई पदर सावरून सांगायची, "छे हो, घरी सगळं छान." भावोजी शेजारी शहाण्या मुलासारखे बसलेले. मी मात्र आतल्या आत धुमसत असे. असे दोनेक महिने गेले.

एका दुपारी घरी येणारी सिस्टर आम्हाला दाखवत होती, झटका आला तर कुशीवर कसं वळवायचं, तोंडात चमचा का घालायचा नाही. तेवढ्यात भावोजींनी सुपाची वाटी ताईच्या अंगावर भिरकावली. "हात थरथरतो त्यांचा," ताई घाईघाईने साडी पुसत म्हणाली.

माझं डोकं फिरलं. "थरथरत बिरथरत काही नाही!" म्हणत मी सगळं ओकून टाकलं.

सिस्टर खुर्ची ओढून ताईजवळ बसली. "झटक्यांच्या या गोळीने काहीजण असे चिडके होतात. सुजेच्या गोळीनेही होतं, गाठीनेही होतं. गोळी बदलून बघता आली असती. आधी का नाही बोललात?"

"मला वाटलं, ते मनातलं बोलताहेत," ताई म्हणाली.

सिस्टरने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांनी गोळी बदलली. हळूहळू भावोजी निवले, ताईचा हात हातात घेऊन बसू लागले. पण गाठ काही आमच्यासाठी थांबली नव्हती. आधी नावं गेली, मग वाक्यं. शेवटी एकच शब्द राहिला, "हो." पाणी हवं? हो. नको? हो. दुखतंय का, ते आम्ही कपाळावरच्या आठीवरून ओळखायचो.

"बोलता येत होतं तेवढे दिवस शिव्या देण्यात गेले गं त्यांचे," ताई म्हणायची आणि रडायची. मीही रडायचे.

एकदा मी दूध घेऊन गेले तर ती त्यांच्या अगदी तोंडाशी वाकून बसली होती.

"अहो, माझ्याशी लग्न करून खरंच तुमच्या आयुष्याची माती झाली?"

"हो," भावोजी म्हणाले. अगदी मायेने.

ताईने ओठ घट्ट आवळले. मग पुन्हा विचारलं, "मी आवडत होते का तुम्हाला?"

"हो." तोच आवाज, तेच हसू.

ताई माझ्याकडे वळली. "यातलं खरं कुठलं धरू गं मी?"

मी दूध बाजूला ठेवलं आणि तिच्याशेजारी जाऊन बसले.