वत्सलाकाकीने पाहिलेलं मरण

स्वप्नात लग्न दिसलं तर घरात मरण. मरण दिसलं तर ज्याचं दिसलं त्याचं आयुष्य वाढतं. हत्ती पाठी लागला तर पिल्लैयारचा, म्हणजे गणपतीचा, नवस फेडायचा राहिलाय. आमच्या वत्सलाकाकीला हे सगळं तोंडपाठ. सकाळी सात वाजल्यापासून तमिळ मुलखात पार पापनाशमपर्यंत पसरलेले आमचे मराठी नातेवाईक तिला फोन करून आपली स्वप्नं ऐकवतात. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. माझ्या मते स्वप्नं अपचनाने पडतात. पण एक कबूल करायला हवं, कुणाचं मन राखायला काकी अर्थ बदलत नाही. सख्ख्या भावाला दात पडलेले दिसले, तेव्हा "वडीलधारं कोणी जाईल" असं तिने तोंडावर सांगितलं. पुढच्याच महिन्यात दोघांची आई गेली. भाऊ वर्षभर बोलला नाही.

त्यामुळे कृष्णाजीकाकांच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मोठी पंचाईत झाली. हृदयाची झडप बदलायची होती. नाही बदलली तर सहा महिने, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि इस्पितळात दुपारी डोळा लागला तेव्हा काकांना लग्न दिसलं. स्वतःचंच! गळ्यात हार, लग्नाच्या झोपाळ्यावर बसलेले, पुढे नादस्वरम वाजतंय. पंचेचाळीस वर्षं काकीशी संसार केलेला माणूस, त्यांनी अर्थ कुणाला विचारलाच नाही.

"मी सही करत नाहीं," म्हणाले. "मरायचें तर घरीं मरीन."

मी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. काकी मात्र काकांच्या पायाशी बसून होती. मला तिचा भयंकर राग आला. एवढी वर्षं तिनेच हे खूळ घरात वाढवलं होतं.

सकाळी मी कापीचा थर्मास घेऊन गेलो, तेव्हा ती काकांच्या उशाशी उभी होती.

"पहाटे मला स्वप्न पडलें," ती म्हणाली. "तुम्ही मेलां होतां. नाकांत कापूस, मी रडतें आहें. तुमचें दुपारचें, तें फळत नाहीं. माझें पहाटेचें." बोलताना ती खिडकीकडे पाहत होती.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पेन मागितलं.

ऑपरेशन नीट झालं. पाचव्या दिवशी काका उशीला टेकून इडली खात होते, काकी औषधं आणायला खाली गेली होती. मला राहवलं नाही.

"डॉक्टराचें ऐकला नाहीं तुम्ही, काका. आणि काकीच्या एका स्वप्नावर सही केलां?"

"अय्यो, कसलें स्वप्न रे!" काका म्हणाले. "रात्रभर तिचा हात माझ्या पायावर होता. मीही जागाच होतों. तिचा डोळा लागला असता तर हात सुटला असता. एकदांही सुटला नाहीं."

इडलीचा तुकडा त्यांच्या हातातच राहिला.

"जन्मांत कधीं खोटें स्वप्न सांगितली नाहीं ती. एवढी घाबरली होती. मग मी काय करूं? सही केलों."