भिवापूरची कॅसेट

ध्वनिमुद्रक धम्मानंदनं जुन्या कॅसेटचं बटण दाबलं, आणि तेहतीस वर्षांपूर्वी भिवापूरच्या मांडवात उमटलेला सिंधूताईंचा आवाज इंदोरा वस्तीतल्या त्या लहानशा स्टुडिओत भरून आला. उंच, बारीक, काचेच्या बांगडीसारखा. पेटीवर बसलेल्या आनंदरावांचं बोट सवयीनं त्या गाण्याच्या पट्टीवर, काळी चारवर, गेलं.

"ऐका काकाजी," धम्मानंद खुशीत म्हणाला. "लोकं एमपीथ्री करतात, त्यात अर्धे बारकावे मरतात. मी कॅसेट पुरी कॉम्प्युटरमंदी घेऊन राहिलो. टाळ्या बी सुटल्या नाहीत. आवाज जसाच्या तसा."

आनंदरावांनी काळी चारवरचं बोट उचललं.

काचेपलीकडे चारुशीला हेडफोन लावून उभी होती. आई, सिंधूताई, गेली तेव्हा ती पाच वर्षांची. आईची भीमगीतं तिला या एकाच कॅसेटनं दिली आणि आईच्या पेटीवाल्या आनंदरावांनी ती तिच्याकडून घोटून घेतली. कार्यक्रमांत लोक म्हणत, पोरगी चांगली गाते, पण माय ते मायच. मग ती आणखी ताणून गायची. गळ्याच्या डॉक्टरनं आता स्पष्टच सांगितलं होतं, असंच ओढाल तर आवाज कायमचा जाईल. आईच्या आवाजाशेजारी आपलं एक गाणं ठेवायचं आणि थांबायचं, असं ठरवून ती आज आली होती.

तिनं धृपद उचललं. वरच्या सुरावर गळा फाटला. पाण्याचा घोट घेऊन तिनं पुन्हा धरलं. पुन्हा फाटला.

"ताई, खालून गा. वर मी मशीननं चढवतो. कोणाले समजते?" धम्मानंद बाहेरून म्हणाला.

"मायच्या बाजूले मशीन उभी करू काय गा भाऊ?" तिनं हेडफोन काढला. मग ती आनंदरावांकडे वळली. "राहू द्या काकाजी. मले नाही पेललं. तिचं एकटीचंच राहू द्या."

आनंदराव उठले. पेटी छातीशी धरून त्यांनी काचेचं दार ढकललं, तिच्या पायाशी बैठक मारली आणि काळी तीनचा सूर दिला.

"इथून गा."

"हे तं खाली झालं. मायचा सूर..."

"गा वं."

ती गायली. सूर ओढावा लागला नाही. जात्याभोवती पीठ झरावं तसा तो आपसूक पडत राहिला, भरदार, उबदार. हा आवाज आनंदरावांनी मांडवात, हातभर अंतरावरून ऐकला होता. त्यांचा भात्यावरचा हात थांबला.

"काय झालं काकाजी?"

"तुही माय इथूनच गात होती." त्यांनी मान वर केली नाही. "भिवापूरले त्या दिवशी लाइन गेली होती. टेप सेलवर चालवला. सेल उतरलेले, फीत हळू फिरली. हळू भरलेलं गाणं चांगल्या मशीनवर पळते, वर चढते. ते सेल मी उतरवले होते, आदल्या दिवशी टेपवर माहीच पेटी ऐकू ऐकू. मंग सिंधूताई गेली. लोकं त्या बारीक आवाजाले नावाजू लागले, अन् मी, बाई, तोंड दाबून तुले तसंच शिकवलं."